आठ वाजताची नोंद

तीन दिवस चौकशीबाई खोट्या हवेवर भुलून बसल्या होत्या.

त्यांचा तरी काय दोष? काळ्या पडद्यावर पांढरे आकडे असे झरझर उतरत होते, की कुणीही बघत राहावं. तापमान चढतंय, उतरतंय, पश्चिमेचा वारा दक्षिणेला वळतोय, दर पाच मिनिटांनी नवी ओळ. चौकशीबाई चहाचा कप घेऊन समोर बसायच्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायच्या, "वहिनी, वारा सुटला बघ!" वहिनी खिडकीतून बाहेर बघायची. दोरीवरचा टॉवेल जागचा हललेला नसायचा.

"वन्सं, पान हलत नाहीये."

"वरच्या वर असेल. आपल्याला खाली बसून काय कळतंय?"

तिसऱ्या दिवशी यंत्राने बत्तीस मिलिमीटर पाऊस दाखवला आणि वहिनी अंगणातून कडकडीत वाळलेले कपडे घेऊन आत आली. तिने तो टॉवेल चौकशीबाईंच्या मांडीवर ठेवला. तेव्हा कुठे बाईंनी माहितीपुस्तक उघडलं. चौतिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की सॉफ्टवेअर नवं बसवलं की ते आधी सरावासाठी बनावट हवा तयार करतं. खरं यंत्र जोडायचं असेल तर अमुक फायलीत यंत्राचा प्रकार बदला आणि कार्यक्रम पुन्हा सुरू करा.

"मेलं तीन दिवस मला बनवत होतं!" बाई म्हणाल्या. राग यायला हवा होता, पण वाटली ती गंमतच. खोटी हवा बनवायची म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं असणार, आज ऊन किती, पाऊस किती. कोण असेल तो? आणि दुपारीच का पाडला पाऊस?

बाईंचं हे असंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं चौकशीच्या टेबलावर काढलेली. गावातल्या कुणाचा नंबर काय, कुणाचा फोन कधीपासून मुका, कोण रोज अकराला कुणाला लावतं, सगळं तोंडपाठ. बाई निवृत्त झाल्या, पण त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. शेजाऱ्यांकडे नवी खुर्ची आली तरी ती कुठून आली, जुनी कुठे गेली आणि तिच्यात वाईट काय होतं, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. लोकांनी चौकशीबाई नाव ठेवलं ते काही उगीच नाही.

या यंत्राचं प्रकरणही त्यांनीच उकरून काढलं होतं. सोळा महिन्यांपूर्वी त्यांचा दादा गेला. वहिनी एकटी पडली म्हणून बाई राहायला आल्या, आणि आल्या आल्या आठ दिवसांत घड्याळामागे खोचलेलं हवामान खात्याचं पत्र त्यांच्या हाती लागलं. दादा छापखान्यात प्रुफं तपासायचा. स्वल्पविराम चुकलेला दिसला तर त्या माणसाला जेवण जायचं नाही. घरामागे गावाच्या पाण्याच्या टाकीचं आवार आहे, तिथे खात्याचं पाऊस मोजायचं नळकांडं बसवलेलं. रोज सकाळी ठीक आठला दादा तिथे जायचा, साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचा आणि आकडा त्या तारखेपुढे वहीत मांडायचा. बिनपगारी, हौसेचं काम. एकतीस वर्षं, एकतीस वह्या. "एकही खाडा नाही," तो म्हणायचा. आयुष्यात त्याने केलेली बढाई एवढी एकच.

पत्रात लिहिलं होतं, की हातमोजणीची केंद्रं बंद होत आहेत. नवं यंत्र बसवून घ्या, जुन्या नोंदी त्याच प्रणालीत भरा. तीस वर्षांची सलग नोंद तपासणीत टिकली तर केंद्राचा क्रमांक चालू राहील आणि गावाच्या पावसाची सरासरी तिच्यावरून धरली जाईल. नाही टिकली तर केंद्र रद्द.

"म्हणजे दादाच्या वह्या रद्दीत?" बाईंनी विचारलं.

"मला ते कंप्युटरचं काही कळत नाही," वहिनी म्हणाली आणि लोकरीचा गुंडा करत बसली. तिने सगळी हयात मोज्यांच्या कारखान्यात काढली होती. अजूनही हाताला स्वस्थता म्हणून नव्हती.

"कळत तर मलाही नाही. कळवून घेईन!"

आणि घेतलंही. नव्या यंत्रासोबत साबणाच्या वडीएवढा एक कंप्युटर आला होता. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत. आपल्या कंप्युटरवर काळी चौकट उघडायची, त्याचा पत्ता टाइप करायचा, परवलीचा शब्द द्यायचा, की आपण त्याच्या पोटात. तिथे चित्रं नाहीत की काही नाहीत, लिहून विचारायचं आणि त्याने लिहून सांगायचं. बाईंना हे फार पसंत पडलं. एक्स्चेंजमध्येही असंच होतं; माणूस दिसायचा नाही, पण नीट विचारलं तर नीट उत्तर यायचं. 'सुडो' हा शब्द तर त्यांना मनापासून आवडला. नुसता हुकूम दिला तर यंत्र म्हणायचं, परवानगी नाही. तोच हुकूम आधी सुडो लावून दिला, की मुकाट ऐकायचं. "आपल्या घरची पद्धत ही," त्या वहिनीला म्हणाल्या, "मी ऊठ म्हटलं तर कुणी हलायचं नाही. दादाने सांगितलंय म्हटलं, की सगळी पलटण उभी!"

वहिनी हसली. दादा गेल्यापासून ती क्वचित हसायची, म्हणून बाईंनी तो विनोद पुढे चार वेळा केला.

खरं यंत्र जोडलं गेलं. टाकीच्या आवारातून खरा वारा, खरं ऊन काळ्या चौकटीत यायला लागलं. टॉवेल हलला की आकडा हलायचा. मग बाई वह्यांकडे वळल्या. रोज चार तास, चार महिने, एकेक तारीख आणि एकेक आकडा टाइप करून त्यांनी एकतीस वर्षांची एक लांबलचक फाइल केली. जुन्या नोंदी आत घ्यायचा जो हुकूम होता, त्याला एक शब्द जोडला की तो नुसतं दाखवायचा, प्रत्यक्षात काही करायचा नाही. ती सोय मोठी शहाणी. पहिल्याच खेपेला सॉफ्टवेअरने एका दिवसात चारशे वीस मिलिमीटर पाऊस पाडून दाखवला. बाईंनी एककाच्या जागी सेंटिमीटर लिहिलं होतं. "गाव वाहून गेलं असतं की गं," म्हणत त्यांनी एकक सुधारलं, पुन्हा दाखवायला लावलं, आणि सगळं जागच्या जागी बसलंय बघून नोंदींचा संच खात्याकडे पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी संच परत आला.

सोबत तपासनिसांचं चार ओळींचं पत्र. नऊ किलोमीटरवरच्या धरणावरच्या नोंदींशी ताडून पाहता चारशे बारा दिवसांचा पाऊस जुळत नाही. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास नोंदी 'अविश्वसनीय' असा शेरा मारून संच फेटाळण्यात येईल.

चौकशीबाईंनी तडक फोन लावला. तपासनीस नाकात बोलणारे गृहस्थ होते, पण माणूस सरळ निघाला.

"बाई, चुका सगळ्यांच्याच होतात. कारण कळलेली चूक मी घेतो. कारण न कळलेली नाही घेऊ शकत."

"माझा भाऊ चुकणारा नव्हता."

"मग चारशे बारा दिवस कोण चुकलं?"

झालं! एक्स्चेंजमध्ये असा प्रश्न विचारणारा भेटला तर बाई जेवणसुद्धा सोडायच्या. त्यांनी तपासनिसांकडून धरणाची फाइल मागवून घेतली. तिथलं यंत्र दर तासाचा पाऊस आपोआप टिपायचं आणि दिवसाची बेरीज सकाळी आठला करायचं, म्हणजे माणसाच्या विसरभोळेपणाचा प्रश्नच नव्हता.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. आपण टाइप करताना माती खाल्ली असेल. चारशे बारा तारखा त्यांनी वह्यांशी पुन्हा ताडून बघितल्या. चुका निघाल्या तीन. उरलेले आकडे दादाच्या त्या सुबक, छापल्यासारख्या अक्षरात जसे होते तसेच उतरले होते.

मग त्यांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी लावून फक्त न जुळणाऱ्या ओळी चाळून काढणारा हुकूम शिकून घेतला. दोन दिवस गेले त्यात. पण ओळी समोर आल्या आणि बाई खुर्चीत पुढे सरकल्या. महिन्याच्या बेरजा जवळपास जुळत होत्या! पाऊस हरवलेला नव्हता, फक्त दिवस घसरला होता. धरणावर चौदा तारखेला लागलेला पाऊस दादाच्या वहीत तेरा तारखेला. दरवेळी एक दिवस आधी, कधीच नंतर नाही.

"वहिनी, दादाच्या वहीत पाऊस आदल्या दिवशीच पडून जायचा!"

"अगंबाई," वहिनी म्हणाली. तिच्या हातातला गुंडा थांबला, पण बाईंचं लक्ष पडद्याकडे होतं.

आणखी एक गोष्ट. हे चुकलेले दिवस विखुरलेले नव्हते. पाच दिवस, अकरा दिवस, एकदा तर एकोणीस, असे घोळक्याने यायचे. मग महिनेच्या महिने सगळं घड्याळासारखं चोख, मग पुन्हा घोळका. असे त्रेचाळीस घोळके. आता तासातासाचा हिशेब लावला. घोळक्यांतला रात्रीचा पाऊस जागच्या जागी होता. घसरला होता तो फक्त सकाळी आठ ते दुपारी चारच्या मधे पडलेला.

बाईंनी कागदावर मांडून बघितलं. दुपारी एकला पाऊस पडला तर आठला मोजणारा माणूस तो दुसऱ्या दिवशी सकाळी मोजेल आणि दुसऱ्या तारखेपुढे लिहील. त्याच दिवशी चारला मोजणारा मात्र त्याच तारखेपुढे लिहून मोकळा. म्हणजे त्या दिवसांत नळकांडं आठला उघडलेलंच नव्हतं. चारला उघडलं होतं.

दादा? आठचे सव्वाआठ झाले तर ज्याचा जीव कासावीस व्हायचा, तो चारला?

शेवटचा धागा सापडला तो रविवारचा. घोळक्यांतसुद्धा रविवारी दिवसा पडलेला पाऊस कधीच घसरलेला नव्हता. म्हणजे चारला जाणारं माणूस रविवारी चारला जायचं नाही, सकाळी आठलाच मोजायचं. रविवारी मोकळं असणारं. इतर दिवशी सकाळी टाकीचं फाटक साडेसातला उघडण्याआधीच कामाला गेलेलं, आणि साडेतीनला सुटणारं. दादाचा छापखाना तर दहाला उघडायचा आणि घरापासून पाच मिनिटांवर होता.

चौकशीबाईंनी पडद्यावरून मान फिरवली. मोज्यांच्या कारखान्याची पाळी सकाळी सात ते साडेतीन. रविवार सुट्टी. हे शोधायला दुसऱ्या कुणाच्या घरी जायची गरजच नव्हती.

वहिनी वाटाणे सोलत बसली होती. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चारला तू मोजायचीस."

वहिनीने शेंग मोडली, दाणे भांड्यात सोडले, साल बाजूला ठेवलं.

"कळलंच शेवटी," ती म्हणाली. "मी वह्या तुमच्या हातात द्यायलाच नको होत्या."

"दादा कुठे असायचा तेव्हा?"

"आतल्या खोलीत." वहिनी खाली बघून बोलत होती. "भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोन-तीन महिन्यांनी एकदा यायचं ते. ताप नाही, काही नाही. उठायचेच नाहीत. जेवायला म्हटलं तर डोळे मिटून घ्यायचे. छापखान्यात मी सांगायचे, पोट बिघडलंय. मालक भला माणूस, फार खोलात जायचा नाही."

"एकतीस वर्षं? आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगणार? तुम्हाला? वन्सं, तुम्ही चौकशीच्या टेबलावर बसायचात."

बाईंना ते झोंबलं. पण खोटं होतं असं त्यांना म्हणता येईना.

"पहिल्यांदा चार दिवसांनी उठले," वहिनी पुढे म्हणाली, "आणि उठल्या उठल्या वही उघडली. चार ओळी कोऱ्या. असे बघत बसले त्या ओळींकडे, की मला वाटलं हे आता पुन्हा पडतील. मी म्हटलं, अहो, मी मोजलंय, चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. खरंच मोजलं होतं. कामावरून आले की जाऊन यायचे. त्यांनी विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, आठ."

"खोटं."

"खोटंच. चार म्हटलं असतं तर त्यांनी ते आकडे वहीत घेतलेच नसते, तुम्हाला माहितीये ना त्यांचा स्वभाव. मग काय, दरवेळी चिठ्ठी, दरवेळी आठ. ते आपल्या अक्षरात उतरवून काढायचे, आणि उतरवून झालं की आंघोळीला जायचे. मला तेवढं पुरे होतं."

बाई परत खुर्चीवर येऊन बसल्या. एक तारीख त्यांच्या डोक्यात केव्हाची टोचत होती. त्यांच्या निरोप समारंभाची. एक्स्चेंजच्या सभागृहात भाषणं झाली, फोटो निघाले, आणि सख्खा भाऊ आला नाही. निरोप आला, छापखान्यात काम आहे. त्यानंतर बाई त्याच्याशी दोन वर्षं बोलल्या नव्हत्या. दोन वर्षं! समोरून आला तर त्या रस्ता बदलायच्या. त्यांनी तारीख टाइप केली आणि त्रेचाळीस घोळक्यांत शोधायला सांगितली. उत्तर यायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागला नाही. अकरा दिवसांचा घोळका, त्यातला सहावा दिवस.

"त्या दिवशी निघाले होते हो ते," वहिनी दारातून म्हणाली. ती केव्हा मागे येऊन उभी राहिली, बाईंना कळलं नव्हतं. "सकाळी उठून दाढी केली. मी इस्त्रीचा शर्ट दिला. एक बूट घातला आणि पलंगाच्या कडेला बसले. मी कामावरून आले तेव्हा तसेच बसलेले होते. दुसरा बूट हातात."

चौकशीबाई रडल्या. तोंडाला पदर लावून, आवाज दाबून नव्हे. चांगल्या मोठ्याने रडल्या. आपण रस्ता बदलायचो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि वहिनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

खुलाशाला मात्र तिने साफ नकार दिला. "जाऊ देत वह्या रद्दीत. एकही खाडा नाही, एवढंच एक होतं त्यांच्याजवळ. ते मी मोडणार नाही. तुम्हाला वह्या वाचवायच्यात वन्सं, मला माणूस वाचवायचाय."

बाईंनी आग्रह केला नाही. वहिनीची समजूत घालायला त्यांना शब्द सापडत नव्हते, आणि सापडले असते तरी त्या दिवशी त्यांचा तोंड उघडायचा धीर झाला नसता. पंधरातले तेरा दिवस गेले. काळ्या चौकटीत हवेच्या ओळी येत राहिल्या, त्या बघायलाही कुणी बसलं नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी वहिनी तपासनिसांचं पत्र हातात घेऊन आली. चष्मा लावून तिने बहुधा ते पहिल्यांदाच नीट वाचलं होतं.

"हा शब्द कुणाला उद्देशून आहे? 'अविश्वसनीय'?"

"नोंदींना."

"पण नोंदींवर नाव कुणाचंय?"

"दादाचं."

"म्हणजे खोटं बोलले मी, आणि शिक्का त्यांच्यावर?" वहिनीचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत बाईंनी तो चढलेला ऐकला नव्हता. "त्यांनी तर मी सांगितलं तेच लिहिलं! त्यात त्यांचा काय दोष?"

"काहीच नाही. आणि वहिनी, खाडा कुठे पडलाय? रोज मोजलंच गेलंय की. माणूस बदलला, वेळ बदलली. दिवस एकही गेला नाही. दादाचं म्हणणं अक्षरशः खरं आहे."

वहिनीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "लावा फोन. पण आजारपणाचं नाव काढायचं नाही."

तपासनिसांनी सगळं ऐकून घेतलं. "दुसरी निरीक्षक? कोण?"

"माझी भावजय. वेळ दुपारी चार, रविवारी आठ."

"बाई, वेळ वेगळी असलेली आम्हाला चालते, खोटी असलेली चालत नाही. दोन वेगळ्या फायली करा, ज्याची त्याची वेळ लावून भरा, आणि त्यांच्या दिवसांच्या यादीवर त्यांची सही पाठवा. मला दुसरं काही विचारायचं नाही."

भला माणूस! बाईंनी लगेच कामाला हात घातला. त्रेचाळीस घोळक्यांतले रविवार वगळता बाकीचे दिवस उचलून दुसऱ्या फायलीत टाकणारा हुकूम एका ओळीचा होता, पण तो लिहायला त्यांना पाऊण तास लागला. पहिली फाइल आठच्या वेळेने, दुसरी चारच्या. आधी नुसतं दाखवायला लावलं. चारशे बाराचे राहिले नऊ. नऊ किलोमीटरच्या अंतरात तेवढा फरक पडायचाच, असं तपासनीस आधीच म्हणाले होते. बाईंनी हुकुमातला 'नुसतं दाखव' हा शब्द काढला आणि बटण दाबलं. एकतीस वर्षं सरसर वर चढत गेली आणि शेवटी एक ओळ उमटली: काम पूर्ण, त्रुटी नाही.

"बसलं गं बाई! वहिनी, बसलं!"

यादी छापून निघाली, त्रेचाळीस ओळींची. कधीपासून कधीपर्यंत, एवढंच. वर वहिनीचं नाव आणि पुढे लिहिलेलं, दुसरी निरीक्षक. बाईंनी पेनाचं टोपण काढून तिच्या हातात दिलं.

वहिनीने सही केली नाही. ती एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली, शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"वन्सं, हे सगळे पावसाळ्यातले."

"हो. मग?"

"उन्हाळ्यात हे बरे असायचे, असं वाटलं का तुम्हाला?"

चौकशीबाईंना समजायला एक क्षण लागला. पाऊस पडला म्हणून दिवस घसरलेला दिसला होता. कोरड्या दिवशी आठला मोजलं काय आणि चारला मोजलं काय, दोन्हीकडे शून्यच. धरणाच्या यंत्राला, सॉफ्टवेअरला, तपासनिसांना, कुणाला म्हणजे कुणालाच ते कधी कळलं नसतं. वहीत वर्षातले सात महिने नुसती शून्यं होती, दादाच्या सुबक अक्षरातली, पानंच्या पानं.

"कोरडं असतानाही जायचीस तू?"

"रोज. नळकांडं उघडून बघायचं, पुसायचं, चिठ्ठीवर शून्य लिहायचं. ती ओळही कोरी दिसता कामा नये ना त्यांना."

"खात्याला याची गरज नाहीये, वहिनी. एवढ्या यादीवर काम होतंय. त्यात फरक काहीच पडत नाही."

"पडत नसेल. पण माझी सही घेताय ना? मग अर्ध्यावर नाही करणार मी." वहिनीने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली. "सगळ्या तारखा नाही आठवायच्या. आठवतील तेवढ्या सांगते."

बाईंनी यादीची फाइल पुन्हा उघडली, शेवटच्या ओळीखाली गेल्या आणि बोटं बटणांवर ठेवली.

"सांग."

"पहिलंच वर्ष. मार्चची नऊ तारीख, सोमवार होता," वहिनी म्हणाली. "दुपारी चार. शून्य."